उंडो की पोई? ‘जर-तर’ प्रश्न रंगवायचे तर

‘जगात कुठंही राहायचं तर कुठं?’ असला प्रश्न दोन शब्दांत संपतो. प्रश्नाला कुंपण घाला: ‘आता जन्मभर पोदेराकडचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडचा, एकाच प्रकारचा पाव मिळणार. उंडो की पोई?’ ‘दोन्ही’ हे उत्तर बाद आणि कारण सक्तीचं, कारण खरी मजा कारणातच असते. उंडो बाहेरून कडक, पातळभाजीत बुडवला तरी लगेच विरघळत नाही. पोई कोंड्याची, आतून पोकळ, ऑम्लेट भरायला आयता खिसा. एवढ्यावर अर्धा तास भांडण चालतं.

विचारणाऱ्यानं स्वतःचं उत्तर शेवटी द्यावं. आधी दिलं की बाकीचे मान डोलावतात. मंडळी चार ते सहा बरी, त्यापुढं दोन कंपू पडतात.

मालिकांवर बोलायचं तर आधी कोण कितव्या भागापर्यंत पोचलंय ते विचारा. सगळ्यात मागं असलेल्याचा भाग हीच हद्द. मग ‘आवडलं का?’ नको. ‘यातलं कोण रायबंदर-चोडण फेरीबोटीवर गाडी चढवताना रांग मोडेल?’ असं विचारा. मालिका न बघणाराही यात तोंड घालतो, फक्त त्याला पात्राचा स्वभाव एका वाक्यात सांगावा लागतो.