पायथॉनमधील डेटाक्लास एस्क्यूलाइटला कसे जोडावेत

पायथॉनमध्ये लहान प्रोग्राम लिहिताना माहितीची मांडणी डेटाक्लासमध्ये (मुख्यतः माहिती धरून ठेवणाऱ्या, फील्डची यादी देऊन लिहिलेल्या क्लासमध्ये) करावी आणि ती एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये साठवावी, एवढ्याने बहुतेक कामे भागतात. एस्क्यूलाइटचे मॉड्यूल २.५ या आवृत्तीपासून आणि डेटाक्लास ३.७ या आवृत्तीपासून पायथॉनसोबतच येतात, त्यामुळे वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. मोठ्या प्रकल्पात ओआरएम (क्लास आणि टेबल यांची आपोआप सांगड घालणारी लायब्ररी) जरूर वापरावे. चार-पाच टेबलांसाठी मात्र ते शिकण्यात जाणारा वेळ वसूल होत नाही, असे माझे मत आहे.

उदाहरणासाठी सार्वजनिक वाचनालयाची नोंदवही घेऊ. ‘पुस्तक’ या डेटाक्लासमध्ये दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, किंमत, दाखल तारीख, उपलब्ध आहे की नाही आणि आयडी अशी फील्ड्स असतील. पुस्तक टेबलात जाईपर्यंत त्याला आयडी नसतो, म्हणून या फील्डचे डिफॉल्ट मूल्य ‘नन’ ठेवावे आणि ते सर्वांत शेवटी लिहावे, कारण डिफॉल्ट असलेल्या फील्डनंतर डिफॉल्ट नसलेले फील्ड आले तर पायथॉन क्लासच तयार करू देत नाही. दाखल क्रमांकालाच प्रायमरी की (टेबलातील प्रत्येक ओळीची मुख्य ओळख) करण्याचा मोह टाळावा; नोंदवहीत ‘म/१२०४’ असेही क्रमांक सापडतात. तो टेक्स्ट ठेवून त्यावर युनिक ही अट घालावी.

टेबल तयार करताना आयडीचा प्रकार ‘इंटिजर प्रायमरी की’ असा पूर्ण लिहावा. नुसते ‘इंट’ लिहिल्यास एस्क्यूलाइट आयडी आपोआप देत नाही, आणि साध्या टेबलात त्या जागी चक्क नल साठवून मोकळे होते. एस्क्यूलाइट ३.३७ किंवा त्यापुढील असेल, तर टेबलाच्या व्याख्येच्या शेवटी ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द जोडावा. त्याशिवाय किमतीच्या इंटिजर कॉलममध्ये ‘एकशे वीस’ हे अक्षरी उत्तर गेले तरी कोणतीही तक्रार न होता ते तसेच साठवले जाते. स्ट्रिक्ट टेबलात त्याच ठिकाणी एरर येतो.

खरे काम आहे ते प्रकारांच्या सीमेवर. एस्क्यूलाइटमध्ये तारीख किंवा बूलियन असा स्वतंत्र प्रकार नाही, आणि डेसिमल मूल्य थेट दिले तर पायथॉनचे मॉड्यूल ते नाकारते. म्हणून किंमत पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी. तारीख ‘२०२४-०३-०५’ अशा आयएसओ पद्धतीने टेक्स्टमध्ये लिहावी (साठवताना अंक अर्थातच इंग्रजी); दिवस आधी लिहिल्यास तारखांचा क्रम लावताना वर्षे एकमेकांत मिसळतात. तारखांचे आपोआप रूपांतर करणारी जुनी सोय पायथॉन ३.१२ पासून कालबाह्य ठरवण्यात आली आहे, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये.

यासाठी दोन फंक्शने लिहावीत. पहिले पुस्तक घेऊन डिक्शनरी देते: तारखेचे टेक्स्ट करते, उपलब्धतेचे ० किंवा १ करते. दुसरे टेबलातील ओळ घेऊन पुस्तक परत देते आणि हीच रूपांतरे उलट करते. डेटाक्लास फील्डचा प्रकार तपासत नाही, हे इथे विसरून चालत नाही: तारीख टेक्स्टच राहिली तरी पुस्तक बिनतक्रार तयार होते, आणि एरर येतो तो पुढे कधीतरी, उशिराचा दंड काढताना तारखांची वजाबाकी करू लागल्यावर. साठवलेले पुस्तक परत वाचून मूळ पुस्तकाशी ताडून पाहणारी चाचणी तारखेची चूक पकडते. बूलियनची मात्र निसटते, कारण पायथॉनच्या लेखी १ आणि ‘ट्रू’ समान आहेत. म्हणून त्या फील्डचा प्रकार वेगळा तपासावा.

कॉलमची नावे फील्डच्या नावांशी तंतोतंत जुळवली, तर कनेक्शनच्या रो फॅक्टरीला एस्क्यूलाइटची ‘रो’ नेमून ओळ नावानिशी वाचता येते, आणि इन्सर्टचे वाक्यही ‘फील्ड्स’ या फंक्शनच्या साहाय्याने तयार करता येते. मूल्ये मात्र वाक्यात कधीही चिकटवू नयेत. विसर्गचिन्हासारखा कोलन आणि त्यापुढे नाव, अशा प्लेसहोल्डरमधूनच ती द्यावीत. शीर्षकात एखादे अवतरणचिन्ह आले की चिकटवलेले वाक्य मोडते, आणि कोणी मुद्दाम काही टाकले तर त्याहून वाईट घडते. इन्सर्टनंतर कर्सरच्या ‘लास्ट रो आयडी’मधून मिळालेला आयडी पुस्तकात भरावा.

देवघेवीचे टेबल पुस्तकांच्या टेबलाला फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमने) जोडले असेल, तर प्रत्येक नवीन कनेक्शनवर फॉरेन कीचा प्राग्मा (एस्क्यूलाइटची सेटिंग) चालू करावा. तो सहसा बंदच असतो आणि फाइलमध्ये लक्षात ठेवला जात नाही. ‘विथ’मध्ये कनेक्शन वापरल्यास काम नीट पार पडल्यावर कमिट (बदल कायम) आणि एरर आल्यास रोलबॅक (बदल रद्द) होतो, परंतु कनेक्शन बंद होत नाही, ते स्वतंत्रपणे बंद करावे.

पुढे क्लासमध्ये ‘प्रकाशक’ असे नवे फील्ड आले, तर जुन्या फाइलमध्ये तो कॉलम नसेल. प्रोग्राम सुरू होताना ‘युजर व्हर्जन’ हा प्राग्मा वाचावा. त्यातील आकडा नव्या रचनेच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर फाइलची प्रत काढून ‘ऑल्टर टेबल’ने कॉलम वाढवावा आणि मग तो आकडा बदलावा. कॉलमला ‘नॉट नल’ ही अट हवी असल्यास सोबत डिफॉल्ट मूल्य द्यावेच लागते.