तेल तळाला, गळती वर

नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या गॅरेजात ट्रक येतात, बोटी नाही. ट्रकचं स्टीअरिंग गळलं की खाली लाल डाग पडतो, डागाच्या वर बघितलं की पाइप सापडतो. त्याच हिशेबाने रामटेकजवळ खिंडसीच्या तलावावर एका जुन्या बोटीचं काम घेतलं आणि तोंडावर आपटलो.

"मिस्त्री, बोट तेल पिऊन राहिली न," बोटवाला म्हणाला. "दर रविवारी टाकतो, पुढच्या रविवारी पुन्हा कमी." आत पेट्रोल इंजिन, मागे पाण्यातला पंखा फिरवणारा ड्राइव्ह. कमी होत होतं ते पॉवर स्टीअरिंगचं तेल. स्टीअरिंगच्या पंपाखाली ते साचलेलं दिसलं, म्हणून पंपाचं सील बदललं. आठवड्याने पुन्हा फोन.

बोटीचा तळ उतरता, शिवाय ती डुलते. तेल एकीकडे गळतं, साचतं भलतीकडेच. तेव्हा साचलेल्या तेलाकडे बघायचंच नाही. ओल्या जागांपैकी सगळ्यात वरची कोणती, तेवढं शोधायचं.

दुसऱ्या खेपेला नीट केलं ते असं. तळाचं पाणी बाहेर फेकणारा पंप आधी बंद केला, नाहीतर सगळं तेल तलावात, जिथे लोक मासे धरतात. इंजिनावरचं झाकण उघडून चार-पाच मिनिटं आतली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर चालवला, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात बसून राहते. बिडी किनाऱ्यावरच. मग साबणाच्या पाण्याने स्टीअरिंगचा पंप, पाइप, तेल पाण्याने थंड करणारा कूलर सगळं धुऊन कोरडं पुसलं. पेट्रोलने धुवायचा मोह इथे अजिबात नको. कोरडं झाल्यावर घरची टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्यावर लाल लगेच उठून दिसतं.

तेलाचा रंगही बघा. पॉवर स्टीअरिंगला बहुतेक एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल असतं, लाल. ते दुधाळ गुलाबी झालं असेल तर कूलर आतून फुटून पाणी शिरलंय. तो बदलाच, वर सगळं तेल काढून टाका.

आता इंजिन सुरू करा, पण बोट पाण्यातच हवी. कोरडी चालवली की पाण्याच्या पंपातला रबरी पंखा जळतो. एकाने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्याने टॉर्च धरायचा. टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त अडवून धरू नका, पंपावर भयंकर दाब येतो. आणि बोटाने गळती चाचपू नका. बारीक फवारा कातडीत घुसतो, ते प्रकरण थेट ऑपरेशनपर्यंत जातं. पुठ्ठा धरा.

पहिली पंधरा मिनिटं काहीच दिसलं नाही. मी चाक टोकाला न्यायला सांगितलं, आणि जाड पाइप लोखंडी टोकात दाबलेला असतो तिथून थेंब फुटला. पाइपावरून घरंगळत तो पंपाखाली! सील बिचारं निर्दोष होतं.

हा जाड दाबाचा पाइप क्लॅम्प लावून टिकत नाही. जुना काढून नेला आणि जेसीबीचे होज बनवणाऱ्याकडून तसाच, त्याच लांबीचा, त्याच टोकांचा दाबून घेतला. परतीचा पातळ पाइप आमच्या उन्हाने कडक झाला होता, तोही बदलला. तिथे क्लॅम्प चालतो, पण स्टीलचा घ्या आणि एटीएफ चालणारीच नळी मागा. पाण्याची नळी थोड्या दिवसांत फुगते. पंपाच्या पुलीच्या मागे गोल रेघेत तेल उडालेलं असेल तर मात्र पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. पुली हातोडीने काढू नका, ती ओढून काढणारा पुलर आणा. गळती थांबवणारं बाटलीतलं औषध मी वापरत नाही, फुटलेल्या पाइपाला त्याने काही होत नाही.

शेवटी हवा काढायची. स्टीअरिंगच्या तेलाची टाकी भरा, इंजिन बंद ठेवून चाक सावकाश दहा-बारा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, पुन्हा भरा, मग इंजिन. तेलात फेस दिसत असेल तर थांबा, बसू द्या, पुन्हा फिरवा. घाई केली की पंप गुरगुरतो. निघालेलं तेल मी डब्यात भरून वाडीला घेऊन आलो.

पुढच्या रविवारी फोन नाही, फोटो आला. टाकीच्या टोपीला असलेल्या काडीवर तेल खुणेपर्यंत होतं. खाली लिहिलं होतं, "सीलचे पैसे परत द्या जी."

दिले.