नव्याने आलेल्यांसाठी उपक्रम चालवताय? मग या चुका टाळा

पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडतात, दुसऱ्या आठवड्यात निम्म्या रिकाम्या, आणि महिना झाला की आयोजकच एकमेकांची तोंडं बघत बसलेले. मग कोणीतरी म्हणतंच, "अहो, त्या लोकांनाच मिसळायचं नसतं." मी बरीच वर्षं अशा कामात व्हॉलंटियर म्हणून वावरतेय, दुसऱ्या देशातून आलेली कुटुंबं, निर्वासित, नोकरीसाठी भाषा न येणाऱ्या शहरात येऊन पडलेले लोक, सगळे बघितलेत, आणि हे वाक्य कानावर आलं की मी आधी त्या उपक्रमाचं वेळापत्रक मागते. बहुतेक वेळा घोडं तिथेच पेंड खातं.

लोक येतच नाहीत

भाषेचा क्लास सकाळी अकराला का? तर रिटायर्ड व्हॉलंटियर्सना ती वेळ बरी पडते म्हणून. ज्यांच्यासाठी क्लास आहे ते तेव्हा शिफ्टवर असतात, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले असतात, आणि ज्या बायका घरी असतात त्यांच्या कडेवर मूल असतं आणि मुलांना आत आणायची परवानगी नसते. आता यात मिसळायची इच्छा कुठून आली मधेच? शेजारच्या खोलीत दोन माणसं मुलं सांभाळायला बसवा आणि हजेरी बघा, एवढं साधं असतं ते.

दुसरं म्हणजे निरोप. स्थानिक भाषेत सुंदर पोस्टर छापायचं, नोटीस बोर्डावर लावायचं आणि वाट बघत बसायची. अहो, ज्याला ती भाषा येत नाही म्हणून क्लास काढलाय त्याला ते पोस्टर वाचता कसं येईल! त्यापेक्षा त्यांच्यातल्याच एखाद्या बाईला आपल्या ग्रुपवर आपल्या आवाजात व्हॉइस मेसेज टाकायला सांगा. लिहिता-वाचता न येणाऱ्यापर्यंतही तो पोचतो, आणि ओळखीचा आवाज असला की माणूस येतो.

सगळे मान डोलावतात, काम मात्र होत नाही

"समजलं का?" हा प्रश्न विचारणं बंद करा. समजलं नाही असं चारचौघांत कोण म्हणेल, तुम्ही म्हणाल का? त्याऐवजी "आता तुम्ही उद्या कुठे जाणार, सोबत कुठला कागद नेणार, मला सांगा बरं" असं विचारायचं. दवाखान्यांमध्ये ही पद्धत वापरतात, पेशंटकडूनच सगळं परत वदवून घेतात, आणि काय राहिलं ते लगेच कळतं. यात परीक्षा आपली असते, त्यांची नाही. त्यांना सांगता आलं नाही तर आपलं सांगणं चुकलं.

क्लासमध्ये सगळ्यांना एकाच बाकावर बसवणं हीसुद्धा त्यातलीच गत. युरोपात २००१ मध्ये भाषेच्या पातळ्यांची एक चौकट आली, ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या, ती आता जगभर वापरतात आणि चांगलीच आहे. पण त्यातही एकाच माणसाची बोलण्याची पातळी एक आणि लिहिण्याची दुसरीच असू शकते हे लोक विसरतात. तीन भाषा फाडफाड बोलणारा माणूस आयुष्यात कधी शाळेत गेलेला नसतो, आणि त्याच्या शेजारी बसलेला इंजिनियर वाचतो सगळं पण तोंड उघडत नाही. दोघांना एकच वर्कशीट दिलं की दोघंही पुढच्या वेळी गायब.

लहान मुलाला दुभाषा बनवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका हेल्प डेस्कवर मी बसले होते, समोर आई आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. डॉक्टरांचं पत्र होतं. मुलगी वाचून आईला तिच्या भाषेत सांगत होती, छान ओघात, आणि एका ओळीवर अडली. मग पटकन काहीतरी बोलून पुढे गेली. आई हसली, मला थँक्यू म्हणाली. मी पत्र घेऊन बघितलं तर त्या ओळीत ऑपरेशनची तारीख आणि आदल्या रात्रीपासून उपाशी राहायची सूचना होती. पोरीला तो शब्द माहीत नव्हता, आणि माहीत नाही असं म्हणायची तिला लाज वाटली होती.

मुलं पटापट बोलायला लागतात म्हणून आपण फसतो. जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने हा फरक मांडला, की रोजच्या बोलण्यातली भाषा मुलांना साधारण दोनेक वर्षांत जमते, पण पुस्तकी, औपचारिक भाषा वर्गातल्या इतरांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आणि शब्दांचं सोडा, आईचं दुखणं, घराची थकबाकी, बापाची गेलेली नोकरी हे सगळं त्या लेकराच्या तोंडून वदवायचं म्हणजे घरातलं मोठेपण उलटंपालटं करून टाकायचं. फोनवरून दुभाषा घ्या, मोठ्या माणसाला बोलवा, अगदीच कोणी नसेल तर भेट पुढे ढकला. अर्थात, तातडीचा प्रसंग असेल तर जो असेल त्याची मदत घ्यावीच लागते. फक्त त्याची सवय लावून घेऊ नका.

फॉर्म

आल्या आल्या चार पानी फॉर्म पुढे सरकवू नका. जो माणूस सरकारी माणसांच्या भीतीने घर सोडून आलाय त्याला पत्ता, पासपोर्ट, कुटुंबातल्यांची नावं विचारली की तो तुम्हाला गप्पांचं मंडळ समजणार नाही. हजेरीला एक नाव पुरे. तेही "पहिलं नाव, आडनाव" असे दोन रकाने करून नको, कारण जगात अनेक ठिकाणी लोकांना एकच नाव असतं, आणि मग बिचारे तेच नाव दोनदा लिहितात.

जन्मतारखेचा किस्सा तर आमच्या इथलाच. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की सगळ्यांना वाढदिवसाचे मेसेज आपोआप जावेत, आणि १ जानेवारीला चौदा जणांना एकदम शुभेच्छा गेल्या! जिथे जन्माची नोंदच झालेली नसते तिथल्या लोकांच्या कागदावर सरसकट १ जानेवारी टाकतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. एक आजोबा खो खो हसत म्हणाले, हा माझा नाही, ऑफिसचा वाढदिवस.

रंगीबेरंगी दिवस

वर्षातून एकदा सगळ्यांनी पारंपरिक कपडे घालून यायचं, गाणी म्हणायची, फोटो काढायचे. मजा येते, मी पण जाते. पण यातून ओळखी होतात असा समज असेल तर तो सोडा, कारण तिथे एक गट स्टेजवर असतो आणि दुसरा टाळ्या वाजवत असतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की वेगवेगळे गट नुसते एकत्र आले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत, दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरिष्ठांचा किंवा संस्थेचा त्याला पाठिंबा हवा. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की यातलं सगळं जुळलं नाही तरी थोडा फायदा होतो, पण जुळलं तर जास्त. म्हणून सायकली दुरुस्त करा, बाग लावा, फुटबॉलची टीम काढा, भिंत रंगवा. हात कामात असले की भाषा नसली तरी चालतं, "तो पाना दे" हे बोटानेही सांगता येतं.

आणि एकाच देशातून आलेले म्हणजे सगळे एक असंही धरून चालू नका. तिकडे एकमेकांविरुद्ध लढलेले दोन गट इकडे तुमच्या एकाच टेबलावर बसलेले असू शकतात. दुभाषा ठरवतानाही आधी हळूच विचारा, हा माणूस चालेल का म्हणून. तसंच जो इंग्रजी बरं बोलतो तोच "समाजाचा प्रतिनिधी" होऊन बसतो, बायका आणि तरुण पोरं काय म्हणतात ते तो सांगतोच असं नाही.

तीन महिन्यांत "झालं आता, रुळले"

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाचा कल्चर शॉकवरचा, म्हणजे परक्या संस्कृतीत येऊन पडल्यावर बसणाऱ्या धक्क्यावरचा, लेख १९६० चा. त्याचं म्हणणं, सुरुवातीला सगळं गोड वाटतं, मग घसरण, मग हळूहळू सावरणं. पुढच्या संशोधनात हे सगळ्यांना लागू होत नाही असं दिसलं, काहींना तर पहिल्याच आठवड्यांत सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणजे कोण कधी कोसळेल ते कॅलेंडरवरून ठरवता येत नाही, आणि आपण मात्र सगळी ताकद पहिल्या महिन्यात ओततो, स्वागत, भेटवस्तू, फोटो, आणि नेमकं घराचा करार संपतो किंवा मुलाला शाळेत त्रास होतो तेव्हा फोन उचलायला कोणी नसतं. कॅनडात सामान्य नागरिकांचे गट निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेतात तेव्हा ती साधारण १२ महिन्यांची असते, ते उगाच नाही. माणसं कमी असतील तर पाच कुटुंबांऐवजी दोनच घ्या, पण वर्षभर सोडू नका.

आता शेवटचं. मत विचारणं आणि अधिकार देणं यात फरक असतो. शेरी आर्न्स्टाइन या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात नुसतं मत विचारणं हे दिखाऊ सहभागाच्या पायऱ्यांमध्येच मोडतं. आमच्या फीडबॅक फॉर्मवर सगळे "व्हेरी गुड" लिहायचे आणि यायचे बंद व्हायचे. एक बाई दोन महिने कोपऱ्यात गप्प बसायची, आम्हाला वाटायचं लाजाळू असेल. एकदा माझी गाडी चुकणार होती म्हणून हॉलची किल्ली तिच्या हातात दिली आणि पळाले. पुढच्या वेळी ती अर्धा तास आधी हजर, खुर्च्या गोलात लावलेल्या, आणि सोबत तीन नवीन बायका. मग आम्ही किल्ली तिच्याकडेच राहू दिली, पाठोपाठ रजिस्टर गेलं, आणि आता वेळापत्रकही तीच लावते. मला रविवारी सकाळी आठची पाळी दिलीये. मला ती वेळ अजिबात सोयीची नाहीये.