कर्मचाऱ्यांची कोविड अँटीबॉडी तपासणी: या चुका टाळा

घसा खवखवणाऱ्या नर्सची अँटीबॉडी निगेटिव्ह आली, म्हणून तिला वॉर्डात ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. आयजीजी (रक्तात टिकणारी मुख्य अँटीबॉडी) दिसायला लक्षणांनंतर साधारण १ ते ३ आठवडे लागतात. आज संसर्ग आहे का, हे आरटी-पीसीआर किंवा रॅपिड अँटिजेनच सांगेल. उलट, बरे झाल्यावरही पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे कामावर परतण्यासाठी निगेटिव्ह रिपोर्टचा हट्ट धरला, तर धडधाकट माणसे घरी बसतात.

खरा घोळ होतो तो किट निवडताना. कोविशील्डने विषाणूच्या फक्त स्पाइक (एस) प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. तेव्हा कोविशील्ड घेतलेल्याची एस पॉझिटिव्ह आली, तर ती लसीमुळे की संसर्गामुळे, हे कळत नाही. त्यासाठी विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड (एन) प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी पाहावी लागते. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, म्हणून त्या लसीनंतर एनसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय लसीनंतर झालेल्या सौम्य संसर्गात एन अँटीबॉडी कधी तयारच होत नाहीत, झाल्या तरी काही महिन्यांत घटतात. म्हणजे एन निगेटिव्ह आली म्हणून ‘संसर्ग झालाच नव्हता’ असे लिहू नका. नमुन्याच्या फॉर्मवर लसीचे नाव, डोसच्या तारखा आणि आधीच्या पॉझिटिव्ह रिपोर्टची तारीख हवीच. ‘लस घेतली: हो/नाही’ एवढाच रकाना असेल, तर पुढे कोणीही अर्थ लावू शकणार नाही.

दुसरा फसवा भाग आकड्यांचा. समजा किटची संवेदनशीलता (संसर्ग होऊन गेलेल्यांना पॉझिटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) ९५ टक्के आणि विशिष्टता (न झालेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) ९८ टक्के आहे. १००० कर्मचाऱ्यांपैकी २० जणांनाच संसर्ग होऊन गेला असेल, तर १९ खरे पॉझिटिव्ह आणि जवळजवळ २० खोटे! त्याच किटने १००० पैकी ३०० जण बाधित असलेल्या गटात २८५ खरे आणि १४ खोटे मिळतील. संसर्ग कमी असेल, तर प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना वेगळ्या प्रथिनाच्या (एसऐवजी एन किंवा उलट) अँटीबॉडी किटवर पुन्हा तपासा. मात्र लस घेतलेल्यांत दोन्ही निकाल जुळलेच पाहिजेत असे नाही.

प्रयोगशाळेतल्या चुका साध्याच, पण नेमाने होतात. रक्त नीट गोठण्याआधीच सेंट्रिफ्यूज केले, की सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात. अर्धा तास थांबा. एलायझाचे (प्लेटवरच्या रंगावरून अँटीबॉडी मोजणारी चाचणी) अभिकर्मक, म्हणजे रसायने, फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. प्लेट धुणे अपुरे राहिले, की अख्खी प्लेट पिवळी पडते आणि कोरा (नमुना न घातलेला) कंट्रोलही वर जातो. अशी प्लेट बाद करा, ‘कट-ऑफ’ (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमारेषा) सरकवून वाचवू नका. केसा-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांना आधी विचारून घ्या, काही यंत्रांवर त्याने निकाल बिघडतो.

एका कंपनीचे १०० एयू (अँटीबॉडी मोजण्याचे कंपनीचे स्वतःचे एकक) आणि दुसरीचे १०० एयू सारखे नसतात. तुलना करायचीच असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकावर बेतलेले बीएयू (बाइंडिंग अँटीबॉडी युनिट) प्रति मिलिलिटर हे एकक मागा. आणि आकडा मोठा आला म्हणून कोणाचा एन९५ मास्क काढून घेऊ नका. ‘एवढ्या पातळीनंतर सुरक्षित’ अशी सर्वमान्य रेषा नाही.