ऑस्लोत नवीन आलात? आधी लोकर घ्या, मग स्की

नोव्हेंबरात ऑस्लोत उतरलेल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले: चारच्या आसपास अंधार पडतो तर दिवसभर करायचं काय, आणि पुण्याहून आणलेलं जाकीट पुरेल का? पहिल्याचं उत्तर सोपं. क्रॉस-कंट्री स्की शिका. डोंगरउतारावरून सुसाट येतात ती नव्हे, तिला पैसा आणि छाती दोन्ही लागतं. ही आजी-नातवंडं मिळून करतात ती.

आता जाकीट. फुगीर जाकीट बसची वाट बघायला झकास. स्कीवर मात्र दहा मिनिटांत घाम फुटतो आणि थांबलात की तोच घाम हाडं गोठवतो. म्हणून अंगालगत मेरिनो लोकरीचे पातळ कपडे, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ काहीतरी. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा. दाराबाहेर पडताना जरा कुडकुडायला हवं. नाही कुडकुडलात तर एक कपडा उतरवा. गुडघ्याखाली बांधायची निकर, लांब लोकरी मोजे, नक्षीचा स्वेटर असा जुना थाट वयस्कर लोकांच्या अंगावर अजून दिसतो. आजच्या अंगाला चिकटणाऱ्या भडक कपड्यांपेक्षा मला तोच आवडतो. फ्रेटेक्सच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगली लोकर स्वस्तात सापडते.

स्की क्लासिकच घ्या, म्हणजे बर्फात पाडलेल्या दोन समांतर खाचांतून चालायची. स्कीवरच्या स्केटिंगच्या, म्हणजे पाय बाजूला ढकलत जायच्या प्रकाराच्या, वाटेला सध्या जाऊ नका. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या फिन या संकेतस्थळावर जुन्या जोड्या ढीगभर असतात. घेताना सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर उभे राहा आणि पायाखाली कागद सरकवायला सांगा. वजन दोन्ही पायांवर असताना कागद सरकला पाहिजे, एकाच पायावर टाकलं की त्या पायाखाली अडकला पाहिजे. तसं होत नसेल तर ती जोडी तुमच्या वजनाची नाही, विकणारा काही म्हणो. तळाला केसाळ पट्टी असलेली मिळाली तर उत्तम, मागे घसरू नये म्हणून तळाला लावायच्या मेणाची कटकट वाचते. मुलांसाठी 'बुआ'च्या केंद्रांत सामान फुकट उसनं मिळतं.

मेट्रोची ५ नंबरची गाडी पकडून सोग्नस्वानला उतरा. स्की घेऊन चढलात म्हणून कोणी वळूनही बघत नाही. तिथून उलेव्होलसेतर या जंगलातल्या उपाहारगृहाकडे जाणारी वाट चढाची आहे. वर गरम वाफल आणि कॉफी मिळते. येताना उतार लागतो, म्हणून नांगर, म्हणजे स्कीवर ब्रेक लावायची पद्धत, आधी सपाटीवर शिका: पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर ढकललेल्या. भीती वाटली तर एक पाय खाचेत ठेवून दुसऱ्यानेच नांगरा. पडायची वेळ आलीच तर बाजूला बसकण मारा आणि उठून आधी वाट मोकळी करा. खाचांतून पायी चालू नका. एरवी अबोल असलेला नॉर्वेजियन माणूस एवढ्यावर नक्की बोलतो.

या वाटा राखणारी स्कीफोरेनिंगेन ही संस्था १८८३ सालची. वाटांना तिकीट नाही, पण जमलं तर सभासद व्हा. खाचा पाडणारं यंत्र शेवटचं कधी फिरलं ते स्कीस्पोरे या संकेतस्थळावर बघून निघा. बऱ्याच वाटांवर दिवे असतात, त्यामुळे ऑफिस सुटल्यावरही जाता येतं. थर्मासात चहा न्या. पोळीचा रोल मात्र पाठपिशवीत न ठेवता जाकिटाच्या आत ठेवा, नाहीतर चावायला दात लागतील.