सशाचे मागचे पाय अचानक लुळे पडले तर काय करायचं

मागच्या दिवाळीत शेजारच्या पोरांनी खिडकीखाली सुतळी बॉम्ब लावला आणि आमचा गोट्या पिंजऱ्यात असा उसळला की खाली आला तो मागचे दोन्ही पाय ओढतच. शेजारच्या काकू लगेच तिळाचं तेल कोमट करून आल्या मालिशला. प्रेमानेच आल्या बिचाऱ्या, पण हे अजिबात करू नका. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त, त्यामुळे घाबरून नुसती जोरात लाथ झाडली तरी कंबरेजवळचा मणका मोडू शकतो, त्यात तुम्ही चोळलंत किंवा "चालतो का बघू" म्हणून उभं केलंत तर आतली नस अजून दबणार.

तव्यावरची भाकरी उचलतो तसा खालून पुठ्ठा सरकवायचा आणि ससा आडवाच खोक्यात ठेवायचा, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या. निघायच्या आधी फोन करून विचारा, सशाचा एक्सरे काढता का, कारण बरेच डॉक्टर कुत्रा-मांजरच बघतात आणि शहरातल्या ट्रॅफिकमधून जाऊन परत फिरणं परवडत नाही. रिक्षावाल्याला स्पीडब्रेकरवर हळू घ्यायला सांगा. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काहीही देऊ नका.

उडी नाही, पडणं नाही आणि तरी पाय गेले, सोबत मान वाकडी किंवा शू गळतेय, तर एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा परजीवी असू शकतो, तो दुसऱ्या सशाच्या लघवीतून येतो. त्यावर डॉक्टर बहुतेक फेनबेंडाझोल देतात, साधारण 28 दिवस. मध्येच बंद करायचं नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा. 10-12 तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन, सशाचं पोट थांबलं की जिवावर बेततं. गवत आणि कोथिंबीर तोंडाजवळ ठेवा. शू होतेय का बघा, होत नसेल तर मूत्राशय दाबून रिकामं करायला डॉक्टरांकडून शिकून घ्या, यूट्यूब बघून नको. बूड ओलं राहिलं तर कोमट पाण्याने पुसून कोरडं करा, पावसाळ्यात तर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात.

गोट्याचा मणका सुदैवाने मोडला नव्हता. सहा आठवडे छोट्या पिंजऱ्यात बसून प्रचंड चिडला होता. डावा पाय अजून थोडा घसरतो, म्हणून हॉलच्या टाइल्सवर जुनी सतरंजी टाकलीय, तीही कडेने कुरतडून झालीये.