वाटेत महानगर असेल तर बाईकची सहल अशी आखा

आधी शहराचा दिवस ठरवा, बाकीचे टप्पे त्याच्या पुढे-मागे बसवा. शहरात शिरायला रविवारची सकाळ सगळ्यात उत्तम. आदला मुक्काम शहराच्या 60-80 किलोमीटर अलीकडे करा, म्हणजे ताज्या डोक्याने आत जाता येतं. दिवसभर 400 किलोमीटर चालवून संध्याकाळच्या गर्दीत घुसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

गर्दीत एअर-कूल्ड (वाऱ्याने थंड होणाऱ्या) इंजिनाला वारा मिळत नाही आणि ते तापतं. सिग्नल लांबला तर इंजिन बंद करा. अर्धा क्लच धरून रांगत राहिलात तर प्लेटा घासून तापतात, क्लच लिव्हरचा खेळ (पकड सुरू होण्याआधीची मोकळी हालचाल) बदलतो. त्यापेक्षा पुढे जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून सरका.

निघण्यापूर्वी चेनकडे नीट बघा. सामान आणि मागचा माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि चेन ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खराब होतं. चेनची ढील (सैलपणा) मॅन्युअलमधल्या मापानेच ठेवा. साधारण दर 500 किलोमीटरला, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने ल्यूब (चेनचं वंगण) मारा. टायरची हवा मात्र थंड असतानाच तपासायची, भरलेल्या वजनासाठी दिलेल्या आकड्याने.

शहरात दुचाकीला बंदी असलेले पूल, बोगदे, प्रदूषण-निर्बंधाचे भाग आधीच नकाशावर खुणा करून ठेवा. खोली घेताना बंद पार्किंग आहे का, हे पहिलं विचारा. मग बाईक तिथेच राहू द्या आणि शहर मेट्रोने, पायी फिरा.